समासातली पुसलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे. माझं मुखपृष्ठ केव्हाच गेलं. आता अंगावर खाकी कापडाची बांधणी आहे आणि पाठीवर पुसट झालेला क्रमांक. सोलापुरातल्या एका अध्यापक विद्यालयाच्या कपाटात माझं बहुतेक आयुष्य गेलं. मुलांना वाचायला कसं शिकवावं, हे माझ्यात लिहिलेलं आहे.

छापखान्यातून आलो तेव्हा माझी काही पानं एकमेकांना जोडलेली होती. शिकाऊ शिक्षकांनी ती पट्टीने सोडवली, परीक्षेपुरती वाचली आणि मला परत केलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. पुस्तकांचं तसंच असतं.

मग गोदावरीबाई आल्या. त्या कर्नाटकच्या सीमेजवळच्या मैंदर्गीच्या शाळेत शिकवत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटीने सोलापूरला येत आणि मला घेऊन जात. पुस्तकात लिहू नये, अशी पाटी ग्रंथालयात होती. तरी बाई समासात, म्हणजे ओळींच्या कडेच्या कोऱ्या जागेत, पेन्सिलीने लिहीत. अक्षर इतकं बारीक की मला गुदगुल्या होत.

घरची भाषा आणि शाळेची भाषा, असा माझ्यात एक पाठ आहे. त्याच्या कडेला त्यांनी लिहिलं, ‘माझ्या वर्गात जगदेवी. घरी कानडी. काही विचारलं की नुसती बघत राहते.’ पुढच्या पानावर लिहिलं, ‘आज पाटीवर फूल काढलं. हूवु म्हणाली. मीही म्हटलं, हूवु. दोघी हसलो.’ ते वाक्य अंगावर घेऊन मी कितीतरी दिवस सुखात होतो.

एका शनिवारी बाई आल्या, तेव्हा वाचनालयातल्या कोपऱ्यात बसल्या. त्या आठवड्यात त्यांनी माझ्या त्याच पाठाखाली पेन्सिल दाबून दाबून काही लिहिलं होतं. आता त्यांनी खोडरबर काढलं आणि ते पुसायला लागल्या. पान फाटेल की काय, असं मला वाटलं. शिसं निघून गेलं. दाब गेला नाही. छडीचा वळ राहावा तसे ते शब्द माझ्या पानात राहिले. बाईंनी मला परत केलं आणि पुन्हा कधीच नेलं नाही.

नंतर नवी पुस्तकं आली आणि मी वरच्या खणात गेलो. कसरीने माझे कोपरे कुरतडले. कपाटाचं दार महिनोन्महिने उघडत नसे. बंद कपाटात काय ऐकू येणार? पण मला ती ओळ ऐकू येई. जे सांगायचं होतं आणि सांगितलं गेलं नाही, ते असंच येत राहतं, मित्रांनो.

अलीकडे एका सकाळी दार उघडलं. सुकन्या मॅडम होत्या. शिक्षकांना एक नवी रीत शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. मजकूर संगणकावर ठेवायचा, सगळ्यांनी तो आपापल्या मोबाइलवर वाचायचा आणि वाचताना मनात आलेलं त्या ओळीच्या कडेला लिहायचं. एकाचं टिपण सगळ्यांना दिसतं आणि कुणीही त्याखाली उत्तर लिहू शकतो. त्यासाठी त्यांनी माझा तोच पाठ निवडला. मला खिडकीत, तिरप्या उन्हात ठेवून पानांचे फोटो काढले.

प्रशिक्षणाच्या दिवशी मी टेबलावर होतो. मागे पडद्यावर माझीच पानं मोठी होऊन उभी होती. चाळीसेक शिक्षक बसले होते. पहिली टिपणं पडली आणि सुकन्या मॅडम ती मोठ्याने वाचू लागल्या. “छान. उपयुक्त माहिती. सुंदर विचार.” वाचता वाचता त्या थांबल्या. “अहो, हे शुभेच्छापत्र नाही. जिथं अडलात, जिथं चुकलात, ते लिहा ना.”

चनबसप्पा गुरुजी उठले. मैंदर्गीचेच, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. “मॅडम, आपली चूक चारचौघांत लिवायची म्हंजे लोक हसत्यात की.”

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. “मॅडम, हे पुसलेलं काय आहे?”

ती अपेक्षा. करमाळ्याची मुलगी, मैंदर्गीच्या पुढच्या एका वस्तीशाळेवर नुकतीच लागलेली. तिने मोबाइलवर पान मोठं केलं होतं. तिरप्या उन्हाने वळ उघडे पडले होते. सुकन्या मॅडमनी पडद्यावर ती जागा मोठी केली आणि गुरुजी अडखळत वाचू लागले.

“तपासणीला साहेब आले. जगदेवी गप्प राहिली. मी तिच्या हातावर छडी मारली. तिला येत होतं. मराठीत येत नव्हतं. चार दिवस आली नाही. घर माझ्या रस्त्यावरच आहे. गेले नाही.”

मला वाटलं, बाई कोपऱ्यात बसल्या आहेत.

“ही जगदेवी कोण असंल?” कुणीतरी विचारलं.

“मैंदर्गीत घरटी एक जगदेवी हाय,” गुरुजी म्हणाले. “कुटं शोधायची? हे आमच्या शाळंतल्या गोदावरीबाईंचं अक्षर. त्या बी आता न्हाईत.”

“ही ओळ झाकावी का?” सुकन्या मॅडम हळूच म्हणाल्या. “त्यांनी स्वतः पुसली होती.”

“झाकू नका, मॅडम. पुसून भागलं न्हाय, ते दिसतंयच की.”

अपेक्षा मोबाइलवर लिहीत होती, पुसत होती, पुन्हा लिहीत होती. थोड्या वेळाने ‘गेले नाही’च्या कडेला पडद्यावर एक टिपण उमटलं. ‘माझ्या वर्गात भाग्यश्री आहे. घरी कानडी. मी तिला सगळ्यांसमोर मुकी म्हटलं. नऊ दिवस आली नाही. मीही गेले नाही.’ शेजारी तिचं नाव होतं. चाळीस जणांना दिसत होतं. तिने मान खाली घातली.

कुणी हसलं नाही. चनबसप्पा गुरुजी एका बोटाने काहीतरी टाइप करत बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांचं उत्तर आलं. ‘मी येतो. मला कानडी येते. शनिवारी दुपारी जाऊ.’ त्याखाली एकेक टिपण पडू लागलं आणि त्यांत एकही ‘छान’ नव्हतं.

पुढच्या खेपेला अपेक्षाने सगळं सांगितलं. भाग्यश्री दाराआड लपली होती. तिला मामाकडे शेळ्या राखायला धाडायचं ठरलं होतं. गठुडं बांधून तयार होतं. तिची आई म्हणाली, पोरगी म्हणते मला बोलता येत नाही, मग शाळेत काय करू? हे गुरुजींनी मराठीत सांगितलं, तेव्हा अपेक्षा उंबऱ्यातच बसली. चूक माझी आहे, असं तिने मराठीत म्हटलं. गुरुजींनी ते कानडीत सांगितलं. पोर दाराआडून हलली नाही.

“सोमवारी आली,” अपेक्षा म्हणाली. “पण दाराशीच बसायची. मी मोबाइलवरून कानडी शिकले. ‘बस’ म्हणायला पुस्तकी ‘कुळितुको’ म्हटलं, तर खुदकन हसली आणि त्यांच्या बोलीत म्हणाली, ‘कुंद्रु!’ आता रोज माझ्या चुका काढते.”

सगळे हसले. मीही हसलो असतो. पण ती दुसरी मुलगी, हातावर वळ घेऊन गेलेली, पुढे कुठे गेली, तिला कधी वाचता आलं का, हे कुणीच सांगू शकलं नाही. आता प्रत्येक नव्या तुकडीला तो पाठ वाचायला देतात. त्या ओळीपाशी शिक्षक थांबतात, आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाचं नाव लिहितात. नावं वाढत चालली आहेत. त्यांत कानडी घरातली आहेत, तेलुगू घरातली आहेत, आणि मराठी घरातलीही आहेत.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, कसर झाडा, माझी पानं दुमडू नका, एवढं मी मागेन. त्याहून मोठी माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या वर्गातलं कुणी येईनासं झालं, तर त्याच्या घरी जा. उशीर झाला असला तरी जा. लिहून ठेवलेला पश्चात्ताप मी कितीही वर्षं सांभाळीन. पण मला पाय नाहीत.