मावळतीच्या भिंतीचं पांघरूण

माझ्या जिभेला हाड न्हाई, असं गाव म्हणतंय. म्हणू दे. पण दोन हजार सहा सालच्या पावसाळ्यात माझ्या तोंडाचा जो पट्टा सुटला, त्याला कारण मी न्हवं, आमची मावळतीकडची भिंत.

आमचं गाव शाहूवाडीच्या डोंगरात. हिथं पाऊस वरनं पडत न्हाई, मावळतीकडनं आडवा येतोय आणि भिंतीला झोडपतोय. घरं जुनी, मातीची. म्हणून जेठात दरसाल भिंतीला बाहेरनं पांघरूण घालायचं. कारवीच्या काठ्यांची चौकट उभी करायची, तिच्यात भाताचं पिंजर वीतभर जाड कोंबायचं आणि वरनं गवताच्या ताट्या आवळून बांधायच्या. एवढं केलं की बाहेर पाऊस कितीबी नाचू दे, भिंत कोरडी आणि खोली उबदार. हे काय कुठल्या इंजिनेरानं शिकवल्यालं न्हाई.

त्या साली गाव स्वच्छतेच्या स्पर्धेत उतरलं. सरपंच भाऊसो, आमच्या मालकांचा चुलत भाऊ, म्हणजे माझा दीर. वैशाखात तो पेंटरला घेऊन दारात हजर. एस्टीतनं उतरलं की गावातलं पहिलं घर आमचं, आणि पहिली दिसती ती हीच भिंत.

"वैनी, औंदा पिंजर लावायचं न्हाई. गबाळं दिसतंय. समिती येणार हाय."

"कवा?"

"चार दिसात. ती गेली की लावा की तुमचं पिंजर, कोण नको म्हणतंय?"

चार दिस म्हटल्यावर मी बी मान हलवली. तिथंच चुकलं माझं. पेंटरनं भिंत गुलाबी केली आणि वर ह्या एवढाल्या अक्षरात लिवलं, 'निरोगी बाळ, गावाची शान'.

चाराचं आठ दिस झालं, आठाचं पंधरा. समितीची तारीख पुढं आणि अजून पुढं. त्यात माझी शिवानी बाळंतपणाला माहेरी आलेली, ती आठव्या म्हैन्यातच बाळंत झाली. तालुक्याच्या दवाखान्यात मला नात झाली, पावणेदोन किलोची. धा दिसांनी घरी सोडताना नर्सबाई म्हणाली, "मावशी, हिला औषध एकच, ऊब. गारवा लागला तर परत आणाय येळ मिळायचा न्हाई."

घरात खोल्या तीन. एकीत चूल, तिथं धुरानं मोठ्या माणसाला ठसका लागतोय. एकीत म्हसरं. उरली ती मावळतीची. बाळंतीण तिथंच ठेवली.

आणि पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी भिंतीला आतनं हात लावला तर पंजा उमटला. ओल वर चढाय लागली, पोपडं गळाय लागलं. शेगडी पेटवली, बाज भिंतीपास्नं सरकवली, गोधड्या घातल्या, तरी पोरीचं पाय गारच. ते पाय हातात धरून बसायचं, गरम झालं की सोडायचं, सोडलं की परत गार. शिवानी नुसती माझ्या तोंडाकडं बघायची.

मालकांना म्हटलं, "ताट्या बांधा." भीत भीत का हुईना, बांधल्या त्यांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसोची माणसं आली आणि दोऱ्या कापून ताट्या घेऊन गेली. तर मालक म्हणत्यात, "जाऊ दे गं, गावाच्या इज्जतीचा प्रश्न हाय."

"गावाच्या इज्जतीला दुपटं लागत न्हाई, हिला लागतंय!" म्हटलं आणि तशीच तरातरा पंचायत गाठली.

"भावजी, लेकरू गारठून चाललंय."

"वैनी, बेस्तरवारी समिती नक्की येणार. दोन दिस कळ काढा."

"मी काढीन. पावणेदोन किलोचं लेकरू कसली कळ काढंल?"

"मग काय एका घरापायी अख्ख्या गावाचं मार्क घालवू व्हय?" असं म्हणून त्यानं मान फिरवली.

मार्क! आग लागो त्या मार्काला.

बेस्तरवारी कोल्हापुरास्नं स्वागताचा फ्लेक्स आला. मधी आमदार सायबांचं तोंड परातीएवढं, हात जोडल्यालं, आणि खाली कोपऱ्यात बारकासा भाऊसो. फ्लेक्स कमानीला बांधला, लेझीमवाली पोरं आली, बायका आरत्या घेऊन उभ्या. दुपारी फोन आला की समिती आज येत न्हाई. आता ती न सांगता कवाबी येणार, तवा गाव रोज तयार पायजे.

सगळी भिजत भिजत घरोघर गेली. मी मातर कमानीखालीच उभी. रोज तयार म्हणजे दिवाळीपतूर भिंत उघडी. तवर आत कोण उरणार?

मग काय इचार केला न्हाई. मालकांना गोठ्यातलं पिंजर काढाय लावलं. चौकट उभी केली, वीतभर पिंजर कोंबलं. ताट्या तर भाऊसोनं नेल्याल्या, म्हणून कमानीवरचा फ्लेक्स उतरवला, वरनं ताणला आणि खिळ्यांनी पक्का ठोकला. थेंब आत जायची सोय ठेवली न्हाई.

भाऊसो पळत आला, मागनं निम्मं गाव.

"वैनी, काढा ते! आत्ताच्या आत्ता!"

"तुम्हीच काढा की. सायबांच्या कानापाशी खिळा हाय, जरा दमानं. फाटंल."

त्यानं हात पुढं केला. मागच्या निवडणुकीत त्याच्याकडनं पडल्याला केरबा गर्दीत उभा हुता. तो छत्रीतनं बोलला, "सायबांना खाली उतरवतोस व्हय भाऊसो? बरं, बरं. तालुक्यालाच चाललोय मी, सांगतो तिथं."

भाऊसोचा हात तसाच हवेत ऱ्हायला. झेडपीचं तिकीट सायबांच्या मर्जीवर, हे शेंबड्या पोराला बी ठावं हुतं.

"ऱ्हाऊ दे मग," तो म्हणाला आणि हात खाली घेतला.

चार दिसात ओल जिथल्या तिथं थांबली. मग भिंत आतनं सुकाय लागली. एका सकाळी शिवानीनं हाक मारली, "आई, हिचं पाय बघ." बघितलं तर गरम. दोन्ही बी गरम. मला रडू आवरंना.

पण राग काय जाईना. कारण भाऊसो आता रोज यायचा. वाऱ्यानं कोपरा सुटला का, सायबांच्या तोंडावर चिखल उडला का, ते बघाय. ओल्या फडक्यानं पुसायचा सुदिक. ज्या भिंतीवर गवताची काडी चालत न्हवती, तिची एवढी बडदास्त! आणि आतल्या बाळंतिणीची चौकशी म्हणून न्हाई.

एक दिवस मुसळधार पावसात हातोडी घेऊन आला. मी खिडकीतनं म्हटलं, "भावजी, आत लेकरू बी हाय. म्हैना झाला. जगलं का मेलं, एकदा तरी इचारा."

"इचारतो की वैनी, एवढा कोपरा बसवू द्या," म्हणाला आणि ठाक ठाक ठोकाय लागला.

पोर दचकून उठली आणि रडाय लागली. आधी मांजराच्या पिल्लागत कण्हायची, आता चांगली छाती भरून, खणखणीत रडली. मी तिला उचललं, खिडकीपाशी नेलं आणि म्हटलं, "रड बाई, अजून मोठ्यानं रड. ऐकू जाऊ दे त्यास्नी."