उस्तऱ्याखाली मंत्री

क्रांती झाल्यापासून आमच्याकडे साहेब म्हणायला बंदी. मंत्री असो नाहीतर मासेवाली, सगळे ‘नागरिक’. तरी पोलीसमंत्री त्रेगुआर समोर आले की पॅरिसमधल्या भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. माझी नाही बसत. मी त्यांची स्वयंपाकीण. कांद्याचं सूप जास्त झालं की त्यांना काय त्रास होतो ते मला ठाऊक.

त्या सकाळी मात्र माझीही बसली. माझ्या नवऱ्याला, बाझिलला, कॅप्टन मालेस्कनं बेड्या घालून मंत्र्यांच्या दालनात उभं केलं होतं. म्हणे हा न्हावी नव्हेच. इंग्लंडला पळालेला आणि खोट्या नावानं परतलेला सरदार आहे. अशांना शिक्षा एकच, ग्रेनेलच्या मैदानावर गोळ्या. आणि पुरावा काय? तर मेल्यानं रविवारी दुकान बंद ठेवलं! रविवार पाळतो तो राजाचा माणूस, असा त्यांचा हिशोब. नव्या पंचांगाप्रमाणे सुट्टी दर दहाव्या दिवशी, असा कायदा आहे. मी किती कानीकपाळी ओरडले! पण ह्याच्या हाडात रविवारच मुरलेला. वर जुन्या पंचांगाच्या नववर्षाला साखरेचे बदाम घेऊन धर्ममातेला भेटून आला. शेजारणीनं लगेच चुगली केली.

“नागरिक, सोडा हो त्याला!” मी हात जोडले.

“नुसतं सोडलं तर उद्या म्हणतील, त्रेगुआर स्वयंपाकिणीच्या नवऱ्यासाठी कायदा मोडतो,” मंत्री म्हणाले. “मग त्याला पुन्हा धरतील, आणि सोडवायला मी नसेन.”

असं म्हणून त्यांनी गळ्याचा रुमाल सोडला आणि खुर्चीत मान मागे टाकली. “बेड्या काढा. उस्तरा द्या ह्याच्या हातात.”

“गळा चिरील तो!” मालेस्क ओरडला.

“मग तुझा आरोप खरा ठरेल. बढती मिळेल तुला.”

बाझिलनं ब्रश उचलला. साबणाचा फेस हाताला लागला आणि गडी स्थिरावला. एक गाल झाला. मालेस्क खो खो हसला. “ह्यानं काय सिद्ध होतं? लंडनमध्ये पोटासाठी सरदारही हजामती करतात.”

 खरंच होतं ते, पळालेले सरदार तिकडे असंच पोट भरत.

 आणि तेवढ्यात आमचे हे बोलायला लागले! ज्या बडबडीवरून मी रोज ओरडते, तीच.

“कल्ले पिकले हो नागरिक. काळजी करता वाटतं? करायलाच हवी म्हणा, तुमचे दिवस भरलेत. मान वर. इटलीत राजदूत म्हणून धाडणार तुम्हाला. माझ्याकडे दाढीला बसतात ना वरचे कारकून, ते म्हणत होते, पोलिसाला कसली राजदूतकी जमते, आपटेल तोंडावर. हनुवटी हलवू नका. आणि तुमच्या जागी या कॅप्टनचे मेहुणे. कॅप्टननी तर समारंभासाठी कोटही शिवायला टाकलाय, निळा.”

मालेस्क लालबुंद झाला. त्याचेच शिपाई तोंडावर हात धरून खुसखुसले.

मंत्री उठून बसले, अर्ध्या तोंडाला फेस. “कॅप्टन, सरदार असता तर माझी खुशामत केली असती, नाहीतर दातखीळ बसली असती त्याची. ज्याच्या हातात आपला जीव, त्यालाच ‘तुझे दिवस भरले’ असं सांगणारा न्हावीच असतो. आता आरोप मागे घेतोस, की निळ्या कोटाबद्दल मी वर विचारू?”

मालेस्कनं आरोप तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत, मागे घेतला आणि पाय आपटत गेला.

“खरंच जातोय का मी?” मंत्र्यांनी विचारलं.

“गेल्यात जमा.”

मंत्री असे हसले की फेस माझ्या ॲप्रनवर उडाला. “मग हाकलायच्या आधी मीच मागून घेतो ती जागा. आपटतो कोण ते बघू! आणि तिथे मला न्हावी लागेल. दरबारातल्या प्रत्येकाची दाढी करेल आणि ऐकलेलं सगळं मला सांगेल असा.”

ते काय बोलत होते ते मला धड ऐकूही येत नव्हतं. मी टॉवेलनं बाझिलला बदडत होते आणि हुंदके देत होते. मग शिपायांसमोर, मंत्र्यांसमोर त्याला घट्ट मिठी मारली. “बोल रे मेल्या,” मी म्हटलं, “आता जन्मभर बोल.”