बाईंच्या कानातली गांधीलमाशी

मित्रांनो, नाटक पाहायला बसलात की दिवे हळूहळू मंद होतात आणि तुमची बडबड आपोआप थांबते. त्यात जादू नाही, ते माझं काम आहे. मी या नाट्यगृहाचा डिमर. रंगमंचाच्या डाव्या विंगेत, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, पत्र्याच्या डब्यात मी बावीस वर्षं राहतो आहे. माझी मूठ डावीकडे फिरवली की संध्याकाळ होते, उजवीकडे फिरवली की भर दुपार. डब्याचा रंग उडालाय, आकडे पुसट झालेत, पण काम चोख आहे. एके काळी ते चोख नव्हतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

एका छोट्या कारखान्यात मला जोडलं गेलं. कारागीर हाताचा चपळ होता, पण त्या दिवशी घाईत होता. आराखड्यात माझ्या पोटात तांब्याच्या तारेचं एक जाडजूड वेटोळं होतं. त्याला चोक म्हणतात. तो काही डब्यात मावेना. "राहू दे, त्याच्यावाचून दिवा अडत नाही," असं म्हणून त्याने झाकण लावून टाकलं. दिवा खरंच अडला नाही.

नाट्यगृहात माझ्याआधी एक धूड होतं. तोही डिमरच, पण जुन्या पद्धतीचा. दिवा मंद करायचा तर उरलेली वीज तो स्वतःच्या अंगात जिरवायचा आणि तापायचा. इतका, की लाइटवाले काका त्याच्यावर घामाने भिजलेला रुमाल वाळत घालायचे. मी आलो आणि त्याची रवानगी जिन्याखाली झाली. काकांनी माझ्या डब्यावर हात ठेवून पाहिला आणि खूश होऊन म्हणाले, "बघा, गार आहे! हा वीज खात नाही, फक्त हवी तेवढीच वाढतो."

ते खरं होतं. भिंतीतून येणारी वीज सारखी मागेपुढे झुलत असते, सेकंदाला शंभर हेलकावे. प्रत्येक हेलकाव्यात मी थोडा वेळ दार बंद ठेवतो आणि मग उघडतो. दार उशिरा उघडलं की दिवा मंद, लवकर उघडलं की प्रखर. त्यात वीज वाया जात नाही. मात्र चोक नसल्यामुळे मी ते दार हलक्या हाताने उघडत नसे. धाडकन उघडत असे, सेकंदाला शंभर वेळा. त्या धडाक्याचे पडसाद तारांमधून आणि हवेतून कुठवर जातात, याचा मी कधी विचार केला नव्हता. कौतुक चालू असताना असले विचार कुणाला सुचतात?

आमच्या नाट्यगृहात बाई होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, मुलांची नाटकं बसवणाऱ्या. त्यांना ऐकू कमी यायचं. कानात मशीन होतं आणि त्यांच्यासाठी जमिनीखालून एक तार फिरवलेली होती. रंगमंचावरच्या माइकमधला आवाज त्या तारेवाटे, मशीनला काही न जोडताच, थेट त्यांच्या कानात उतरायचा. विंगेतल्या खुर्चीवर वही घेऊन बाई बसायच्या आणि कुणी वाक्य विसरलं की हळूच पुढचे शब्द पुरवायच्या. सगळं नाटक त्यांना पाठ असे. वही आपली नावाला.

मी आल्यावर बाई तक्रार करू लागल्या. "दिवे उतरले की माझ्या कानात गांधीलमाशी शिरते रे."

काका डोकं खाजवत म्हणाले, "बाई, मला तर काही ऐकू येत नाही."

"तुला कसं येईल? तुझे कान धड आहेत ना!"

सगळे हसले. बाईही हसल्या. पण मागे कुजबुज सुरू झाली की बाईंचं वय झालं. मीही तसंच समजलो. मित्रांनो, ही कबुली द्यायला मला आजही जड जातं.

मग ती तालीम आली. काकांची लेक त्यात आईचं काम करत होती. शेवटच्या प्रसंगात दिवे निम्म्यावर येतात आणि आई घर सोडून निघालेल्या मुलाशी अगदी खालच्या आवाजात बोलते. लेक मध्येच अडली. तिने विंगेकडे पाहिलं. बाईंच्या कानात माझी भुणभुण एवढी होती, की ती कुठे अडली हेच त्यांना कळलं नाही. त्यांनी भलतंच वाक्य दिलं, लेकीने घाबरून तेच म्हटलं, आणि मुलगा जाण्याआधीच आई त्याला म्हणाली, "आलास का रे? किती उशीर!"

कलाकार खो खो हसले. लेक रडवेली होऊन आत पळाली. बाईंनी वही मिटली आणि खुर्चीवर ठेवली. "प्रयोग रविवारी आहे. माझ्या जागी दुसरं कुणीतरी बघा," एवढंच बोलून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंची सून आली. तिचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. एका खांद्यावर हत्यारांची पिशवी, हातात छोटा ट्रान्झिस्टर. तिने काकांना विचारलं, "काका, दिवे लावता का? आई म्हणतात माशी आहे, तर मला ती माशी बघायची आहे."

तिने ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावला. दिवे पूर्ण प्रखर असताना नुसती खरखर होती. काकांनी माझी मूठ अर्ध्यावर आणली आणि ट्रान्झिस्टर कर्कश भणभणू लागला. ती त्याला घेऊन चालू लागली. खुर्च्यांपाशी आवाज कमी, विंगेत जास्त, माझ्या डब्याजवळ तर कान किटतील एवढा. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "ही बघा माशी."

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे बाई बरोबर होत्या. आणि आपण त्यांना हसलो." मग ते म्हणाले, "जिन्याखालचा जुना बाहेर काढू का? तो तापायचा, पण मुका होता."

"माशी नको म्हणून घरात शेगडी पेटवायची? नको. याच्यातच काय राहिलंय ते बघू."

तिने माझं झाकण उघडलं. चोकची रिकामी जागा तिला लगेच दिसली. दुकानातल्या एका कडीवर तिने तार गुंडाळली आणि मला बसवली. भणभण बरीच कमी झाली, पण तार बारीक होती. अर्ध्या तासात ती तापली, आणि वेटोळी सैल असल्यामुळे चोक स्वतःच गुणगुणायला लागला. काकांनी डब्याला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "आवाज घालवायच्या नादात वीज जाळायला लागले." तिने तो चोक काढून टाकला. दुपारी ती जाड तार आणि लोखंडाच्या भुकटीची कडी घेऊन आली. एकेक वेढा घट्ट बसवला, वर लाखेचा हात दिला, जोडीला उरलासुरला धडाका गिळणारा एक कपॅसिटर लावला. डबा लहान पडला तेव्हा तिने कारागिरासारखी घाई केली नाही. शेजारी दुसरा डबा ठोकला, दोन्ही डब्यांना अर्थिंग दिलं. मग तिची नजर भिंतीवर गेली. दिव्यांच्या तारा बाईंच्या तारेला अगदी खेटून, एकाच पाइपातून जात होत्या.

"ही सोयरीक कुणी जुळवली?"

काका ओशाळून म्हणाले, "मीच. एकच पाइप होता."

दोघांनी मिळून तारा वेगळ्या केल्या. दिव्याकडे जाणारी आणि परत येणारी तार एकमेकींना पीळ देऊन लांबून नेली. संध्याकाळी काकांनी माझी मूठ फिरवली. पहिल्यांदाच मी दार अलगद उघडलं. किती सोपं होतं ते! ट्रान्झिस्टर नुसता खरखरत राहिला. काकांनी तासाभराने डब्यावर तळवा टेकवला आणि तिथेच राहू दिला.

बाईंना आणायला काका स्वतः गेले. काय बोलले मला माहीत नाही, पण शनिवारी बाई आल्या, खुर्चीवर बसल्या आणि "हं, करा सुरू," म्हणाल्या. शेवटचा प्रसंग आला. दिवे निम्म्यावर आले. बाईंनी डोळे मिटले. सून त्यांच्याकडे पाहत उभी होती.

बाईंनी एकदम हात वर केला. सगळे थबकले.

"अगं, वाक्याच्या मध्येच श्वास का घेतेस?" त्या लेकीला म्हणाल्या. "आधी घे. मुलगा निघालाय, त्याला तुझी धाप नको ऐकू जायला."

काकांच्या लेकीने आपला श्वास बाईंना ऐकू गेला हे कळल्यावर धावत येऊन त्यांना मिठी मारली. बाई म्हणाल्या, "पुरे, पुरे. वही पडेल." पण मिठी त्यांनीही सोडली नाही. रविवारी लेक पुन्हा त्याच जागी अडली. तिचे नुसते ओठ हलले. बाईंनी अचूक तीन शब्द दिले आणि ते प्रेक्षकांतल्या कुणालाही कळलं नाही.

त्यानंतर बाईंनी आणखी नऊ वर्षं नाटकं बसवली. मीही काम करतो आहे. दर सहा महिन्यांनी सून येते, माझी धूळ झटकते, सैल झालेले स्क्रू आवळते आणि माझ्यावर मला झेपतील तेवढेच दिवे आहेत ना, ते मोजते.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची निगा एवढ्यानेच राहते. झाकण कधी स्वतः उघडू नका, ते जाणत्याचं काम. मात्र एक काम तुमच्या हातात आहे. कुणी म्हणालं की मला इथे त्रास होतोय, तर 'मला तर होत नाही' असं म्हणून मोकळे होऊ नका. त्यांच्या खुर्चीवर घटकाभर बसून पाहा.