डावीकडचा ढीग

लॉन्ड्रीवाल्याच्या नाकाची गल्लीभर ख्याती होती. कपडा एकदा हुंगला की तो सांगायचा, हा तीन दिवस अंगावर होता, हा नुसताच कपाटात पडून आहे, आणि ह्याच्या मालकाने सिगारेट सोडली म्हणून बायकोला थाप मारली आहे. शेजारचा न्हावी म्हणायचा, "तुला पोलिसात घ्यायला हवं होतं रे. एका कुत्र्याचा खर्च वाचला असता."

पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या, असा त्याचा संसार. बायको दवाखान्यात केसपेपर काढायची. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. दत्तक मुलासाठी नाव नोंदवून चार वर्षं वाट पाहिली, तेव्हा कुठे मुंगी घरी आली. मुंगी हे बायकोने ठेवलेलं नाव. पोरगी साडेपाच वर्षांची, चालताना आवाज नाही, आणि हातात सतत काहीतरी धरलेलं.

ते काहीतरी म्हणजे एक राखाडी स्वेटर. बाईमाणसाचा, कोपराला विरलेला, एक बटण गेलेला. मुंगीची आई इस्पितळात गेली ती परत आली नाही; आला तो हा स्वेटर. मुंगी त्यात तोंड खुपसून झोपायची.

"त्या स्वेटरला हात लावू नका," संस्थेच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "आणि सहा महिने मूल तुमच्याकडे आहे, तुमचं नाही. मी दर महिन्याला येईन. सहाव्या भेटीला काय ते ठरेल."

बायकोने दोन्ही गोष्टी मनाशी पक्क्या बांधल्या. लॉन्ड्रीवाल्यानेही बांधल्या, पण धंद्याचा माणूस तो. जेवताना त्याची नजर त्या स्वेटरच्या गळ्यावरच्या काळ्या रेघेवर अडकायची आणि हात शिवशिवायचे.

पहिले दोन महिने मुंगी मान हलवण्यापलीकडे काही बोलली नाही. मग एक दिवस ती दुकानात येऊन उभी राहिली आणि कपड्यांची वाटणी बघू लागली. लॉन्ड्रीवाल्याने तिला स्टुलावर बसवलं आणि एक शर्ट पुढे केला.

"डोळे मिट. हुंग. आत माणूस आहे?"

तिने हुंगलं. "आहे."

"मग डावीकडे. आणि हा?"

"नाही. साबण आहे."

"शाबास! हा धुतलेला, उजवीकडे. माणूस असला की डावीकडे, गेला की उजवीकडे. झाली तू लॉन्ड्रीवाली!"

त्यानंतर रोज दुपारी शाळा भरायची. चुकली तर तो रागवायचा नाही, पुन्हा हुंगायला द्यायचा. पोरीचं नाक तयार व्हायला लागलं. ती सांगायची, "हे आजोबा आहेत," "ह्या बाई औषध घेतात." एकदा एक मोजा नाकाशी नेला आणि ती खुदकन हसली, ते तिचं त्या घरातलं पहिलं हसू.

"अहो, पोरीला लोकांचे मोजे काय हुंगायला लावता!" बायको ओरडली, पण आत जाऊन तिने डोळे पुसले.

सहावी भेट गुरुवारी होती. सोमवारी दुपारी लॉन्ड्रीवाला गिऱ्हाइकांचे कपडे पोचवून परत आला. तेवढा वेळ लक्ष ठेवायला बसलेला न्हावी उठून गेला. बायको कामावर होती. आत मुंगी झोपली होती, आणि तिच्या हातात स्वेटर नव्हता. त्याने दुकानात पाहिलं. डावीकडच्या ढिगावर, अगदी वर, बाह्या आत घेऊन नीट घडी घालून स्वेटर ठेवलेला होता.

त्याला भरून आलं. कुणालाही हात लावू न देणाऱ्या पोरीने आपली सगळ्यात जिवाची वस्तू आपण होऊन त्याच्याकडे धुवायला दिली होती! ह्याहून मोठा विश्वास तो कोणता?

मशीनला त्याने तो दाखवलाही नाही. थंड पाण्यात लोकरीचा साबण विरघळवून हलक्या हाताने धुतला, तीन पाण्यांतून काढला, टॉवेलात गुंडाळून दाबला, पंख्याखाली आडवा वाळत घातला. गळ्याची रेघ गेली. जरा ओलसर असतानाच कोपर रफू केला, बटण लावलं. उभ्या आयुष्यात त्याने एवढं चांगलं काम केलं नव्हतं.

संध्याकाळी मुंगी उठली आणि सरळ डावीकडच्या ढिगाकडे गेली. तिथे नाही म्हटल्यावर तिने टेबलाकडे पाहिलं.

"बघ कसा झालाय! नवा कोरा!"

तिने स्वेटर घेतला. तोंड आत घातलं. गळा हुंगला, मग दोन्ही बाह्या, मग उलटा करून काखेत. मग पुन्हा गळा. बराच वेळ ती हुंगत राहिली.

"काका, माणूस गेला," ती म्हणाली. रडली नाही. तिने बाह्या आत घेऊन घडी घातली आणि स्वेटर उजवीकडच्या ढिगावर ठेवला. धडा बरोबर होता.

कामावरून आलेली बायको दारातच उभी होती. "काय केलंत हो हे!"

"तिनेच ठेवला होता. डावीकडे."

"तुम्हीच शिकवलंत ना, माणूस असला की डावीकडे? तिने फक्त उत्तर दिलं होतं तुम्हाला."



पुढचे तीन दिवस मुंगी वेळेवर जेवली, सांगितलं की झोपली. स्वेटर तिने परत घेतला नाही आणि बोललीही नाही.

गुरुवारी बाई आल्या. चहा गाळताना बायको त्याला हळूच म्हणाली, "आज तोंड उघडू नका. पाया पडते. एकदा सही होऊ दे."

बाहेर बाई मुंगीकडे बघून खूश झाल्या होत्या. "स्वेटर सुटला की हो हिचा! मी तर वर्ष धरलं होतं. रुळली म्हणायची!" त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

लॉन्ड्रीवाल्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली, नको. त्याने मुंगीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती, रिकामे हात मांडीवर.

"सुटला नाही, बाई," तो म्हणाला. "मी धुतला." आणि त्याने सगळं सांगितलं.

बाईंनी टोपण परत लावलं. "सही मी आज करत नाही. तीन महिने पुढे ढकलते. हे लिहावं लागेल मला."

"तिला घेऊन जाणार?" बायकोने विचारलं.

"नेऊन ठेवू कुठे? तो वास आता संस्थेतही नाही."

बाई गेल्या. बायको दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही.

हल्ली लॉन्ड्री उशिरा सुरू होते. गिऱ्हाइकं कुरकुर करतात. न्हावीसुद्धा आता थट्टा करत नाही. मुंगी डावीकडच्या ढिगापाशी बसते आणि एकेक कपडा उचलून हुंगते, खाली ठेवते, पुढचा घेते. लॉन्ड्रीवाला शेजारी उभा असतो. तळातला शेवटचा रुमाल होईपर्यंत तो मशीनला हात लावत नाही.

मग ती उठते, हात झटकते.

"आज पण नाही आली," ती म्हणते. "लावा."