बुटांची जागा

माझ्या घरात बूट येणार नाहीत म्हणजे नाहीत, मग ते कुणाचे का असेनात!

माझा नवरा क्षितिज लीड्समध्ये एका फुटबॉल क्लबचा फिजिओ आहे. पॅराग्वेहून इथे खेळायला आलेल्या ऑरेलियोचा गुडघा त्यानेच इतकी वर्षं सांभाळला. शेवटी गुडघ्याने दगा दिला आणि ऑरेलियोचा फुटबॉल संपला. शेवटच्या मॅचचे बूट त्याने क्षितिजला भेट दिले. क्षितिज ते काचेच्या कपाटात मांडायला निघाला. त्याच कपाटात माझा गणपती आहे! मी बूट उचलले आणि पोर्चमध्ये आमच्या चपलांशेजारी ठेवले.

रविवारी ऑरेलियो जेवायला आला आणि बूट बघून दारातच थबकला. क्षितिजला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी म्हटलं, "सॉरी, आमच्याकडे पायातलं दाराशीच असतं."

"आजवर ज्यांना ज्यांना मी माझे बूट दिले, त्यांनी ते काचेत ठेवलेत," तो हळूच म्हणाला. "इथे वाटतं, मी आत्ता घालून खेळायला जाईन."

जेवल्यावर त्याने ते खरंच घातले, नाड्या आवळल्या आणि मागच्या ओल्या लॉनवर एकटाच उभा राहिला. मग तसाच, चिखलासकट, कार्पेटवरून आत आला.

मी त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.