तीन रेघांचा पत्रा

मी एक जुना पत्रा आहे. घराच्या छपरावर असतो तो नव्हे, मित्रांनो; त्याला निदान आभाळ तरी दिसतं. मी वालूरच्या दिनकररावांच्या भट्टीतला पत्रा. माझ्यावर कच्ची बिस्किटं मांडतात, मला आगीत सरकवतात आणि खरपूस वास सुटला की ओढून काढतात. आगीला मी कधी भ्यालो नाही. मी आयुष्यात एकदाच घाबरलो, आणि ती भीती अजून माझ्या अंगातून गेलेली नाही.

माझा जन्म पाथरीचा. तिथल्या पत्रेवाल्याने मला लोखंडी चादरीतून कापलं आणि चारी कडा आत दुमडल्या. वालूरला येताना जीपच्या टपावरून खाली पडलो नि एक कोपरा वाकला. तेव्हापासून भट्टीतून बाहेर आलो की गार होता होता तो कोपरा 'टण्ण' वाजतो. "ह्याला गप बसवतच न्हाई," म्हणत दिनकररावांनी मला हातोडीने कितीदा ठोकलं. पण जित्याची खोड, ती जाते कुठली!

दिवाळीआधी आमच्या भट्टीवर डब्यांची रांग लागते. मैदा, साखर, तूप ज्याचं त्याने आणायचं आणि बिस्किटं भाजून घरी न्यायची. शांतम्मा आजींचा डबा त्यात पहिला असे. त्यांच्या घरात अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. त्या तूप आणि पिठीसाखर तळहाताने पांढरीशुभ्र होईपर्यंत फेसायच्या, मग त्यात चमचाभर दही, चिमूटभर सोडा आणि वेलची. "अंड्याचं काम दही करतंय की," त्या म्हणायच्या. "उगं कशाला कोंबडीच्या पोटावर पाय द्यायचा?"

आपल्या बिस्किटांना अंड्याचा पत्रा लागू नये म्हणून त्यांनी मला निवडलं. भस्मात तीन बोटं बुडवून माझ्यावर तीन आडव्या रेघा ओढल्या. तूप नि आग बसून त्या रेघा पक्क्या झाल्या, आणि मी बिनअंड्याचा पत्रा झालो. खरं सांगतो, मला त्याचा फार तोरा होता. बाकीच्या पत्र्यांशी मी धड बोलतही नसे.

मग दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या धम्मशीला बाई आल्या. त्यांच्या घरी अंड्याला बंदी नव्हती, पण त्यांच्या सहा वर्षांच्या प्रियांकाला अंडं सोसत नव्हतं. कुणाच्या तरी वाढदिवसाला तिने केकचा एक घास खाल्ला, तर ओठ सुजले, श्वास अडकला आणि तिला जीपमध्ये घालून परभणीला पळवावं लागलं. "दादा, कणभरबी अंडं लागलं न्हाई पायजे," बाई दिनकररावांना म्हणाल्या. दिनकररावांनी माझ्या तीन रेघा दाखवल्या. तेव्हापासून बाईंची बिस्किटंही माझ्यावरच भाजली जाऊ लागली.

गेल्या दिवाळीआधी दिनकररावांची नवी सून राजेश्री भट्टीवर आली. मोठी कामसू पोर. सणाची साफसफाई म्हणून तिने सगळे पत्रे राखेने आणि तारेच्या घासणीने लख्ख घासले. येणारा जाणारा म्हणायचा, "पोरीनं भट्टीचं रूपच पालटलं!" माझंही कौतुक झालं. पण माझ्या रेघा गेल्या. त्या तिला डाग वाटल्या होत्या.

एका सकाळी दिनकरराव भट्टीच्या कामाने परभणीला गेले आणि राजेश्रीने माझ्यावर अंड्याची बिस्किटं भाजली. मला भयंकर राग आला. नंतर तिने मला फडक्याने पुसलं, पण दुमडलेल्या कडेत अंड्याचं पीठ चिकटून राहिलं.

दुपारी धम्मशीला बाई प्रियांकाला घेऊन आल्या, आणि माझा राग जागच्या जागी विरला. उरली ती नुसती भीती.

बाईंनी सांगितल्यावर राजेश्रीने तीन रेघांचा पत्रा शोधला. तो सापडेना. "बाई, समदेच पत्रे घासल्यात म्या. कोणताबी चालतंय आता," ती म्हणाली आणि तिने मलाच उचललं.

मी ओरडू कसा? भट्टीत तूप वितळलं, कडेपर्यंत पसरलं आणि कडेतलं ते वाळलेलं पीठ घेऊन परत बिस्किटांखाली आलं. मला सगळं कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, ही बिस्किटं जळून कोळसा व्हावीत. पण राजेश्रीने ती अगदी वेळेवर बाहेर काढली.

प्रियांकाने कडेचं एक बिस्किट उचललं. ते गरम होतं. ती फुंकर घालू लागली. एक फुंकर, दुसरी फुंकर. तिच्या फुंकरी संपल्या की काय होणार, हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं.

तेवढ्यात माझा वाकडा कोपरा वाजला. टण्ण!

बाहेर ओट्यावर आपल्या पाळीची वाट बघत शांतम्मा आजी बसल्या होत्या. "हा तर माझा पत्रा!" म्हणत त्या आत आल्या. मला बघून त्यांचा चेहराच उतरला. "रेघा कुठं हायत? ह्याच्यावर सकाळी काय भाजलीस गं?"

"अंड्याची..." राजेश्री म्हणाली.

आजींनी झडप घालून प्रियांकाच्या हातावर फटका मारला. बिस्किट जमिनीवर पडलं. पोर भोकाड पसरून रडू लागली. धम्मशीला बाईंनी तिला जवळ ओढलं. "खाल्लीस का? तोंड उघड बाळा, खाल्लीस का?" त्या विचारत राहिल्या. तिने खाल्लं नव्हतं.

संध्याकाळी परत आल्यावर दिनकररावांनी मला सोड्याच्या पाण्यात उकळलं, कडा उलगडून खरवडल्या आणि कितीतरी वेळ रिकामाच आगीत ठेवला. मग राजेश्रीने स्वतः छिन्नी घेतली आणि रडत रडत माझ्यावर तीन रेघा कोरल्या. फार दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरचा डाग पुसण्याआधी विचारा, तो कशाचा आहे. आणि कुणाला खाऊ देण्याआधीही विचारा. विचारायला एक क्षण लागतो.

प्रियांका अजून येते. बिस्किट उचलण्याआधी माझ्या रेघांवर बोट ठेवून मोजते, "एक, दोन, तीन." मग फुंकर घालते आणि खाते. तिने घास गिळून पुन्हा हात पुढे केला, की मगच माझा जीव भांड्यात पडतो.