देखभाल करणाऱ्यास कळवावे का?

शेवटी जावयाने अण्णांची माफी मागितली आणि अण्णांनी ती नामंजूर केली. पण वाचकहो, असं काही घडलंच नाही असं धरून चालू. नाहीतर गोष्ट इथेच संपायची.

जावयाचं ऑफिस दवाखान्यांसाठी प्रोग्राम बनवायचं. रुग्णाची तारीख ठरली की त्याच्या मोबाइलवर निरोप जायचा. त्यातला तारखांचा हिशेब करणारा तुकडा मात्र अण्णांचा, म्हणजे सासऱ्यांचा होता. अण्णा निवृत्त गणित शिक्षक. ‘कोणीही घ्या, फुकट वापरा, चुकलं तर मला सांगा’ असं लिहून त्यांनी तो इंटरनेटवर उघडा ठेवला होता. जगाने पहिल्या दोन सूचना काटेकोर पाळल्या.

ऑफिसातलं यंत्र रोज सगळा प्रोग्राम जोडून तपासायचं. एका एकतीस तारखेला अण्णांच्या तुकड्यासमोर लाल फुली आली. खाली प्रश्न होता, ‘देखभाल करणाऱ्यास कळवावे का?’ त्या तुकड्याची देखभाल करणारे म्हणजे अण्णाच. जावयाने ‘नको’ दाबलं. सासऱ्याची चूक काढायची, तीही लेखी? त्याला अजून त्या घरात जेवायचं होतं. मग तो ‘पुन्हा तपासा’ दाबत बसला. संध्याकाळपर्यंत लालच. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा दाबलं, तर हिरवं! आपल्या बोटाला गुण आहे, असं त्याचं प्रामाणिक मत झालं. पुढच्या एकतीसलाही त्याने हाच इलाज केला.

अण्णांच्या शेजारच्या काकू शिवणकाम करायच्या. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. जावयाच्या ऑफिसच्याच प्रोग्रामचा निरोप आला, एक तारखेला या. काकू पिशवी भरून गेल्या, तर खिडकीवरची बाई म्हणाली, "तुमची तारीख काल होती." नवी तारीख पाच महिन्यांनी. तोवर शिलाई बंद.

रविवारी जावई बायकोबरोबर सासरी येऊन सोफ्यावर बसलेला असताना काकू मोबाइल घेऊन आल्या. अण्णांनी निरोप पाहिला आणि स्वतःचा प्रोग्राम उघडून तपासला.

"एकतीसची एक होतेय," ते म्हणाले. "चूक माझी आहे काकू."

"अहो, मुद्दाम थोडीच केलीत? पण एवढं जग वापरतं म्हणता, कोणीच नाही सांगितलं?"

"कोणाच्या लक्षात आलं नसेल."

सोफ्यात शिरता आलं असतं तर जावई पार स्प्रिंगांपर्यंत गेला असता.

"माझ्या आलं होतं," तो म्हणाला. "दोनदा."

"मग बोलला का नाहीस?" बायकोने विचारलं.

"अण्णांचा मान..."

"मान? उद्या त्यांच्या पाठीवर शाईचा डाग दिसला, तर मान राखून तसंच लग्नाला पाठवशील? तो लाल रंग अपमान नव्हता रे, अण्णांच्या नावचा निरोप होता. तू तो वाटेत खाल्लास."

जावयाची मान खाली गेली. "चुकलो अण्णा. माफ करा."

"नामंजूर," अण्णा म्हणाले. "माफीने प्रोग्राम दुरुस्त होत नाही. रीतसर लिहून दे. काय केलं, काय यायला हवं होतं, काय आलं."

जावयाने समोरासमोर बसून लिहून पाठवलं. चहा निवायच्या आत अण्णांनी चूक दुरुस्त केली. काकूंनी चहाचा कप उचलायला हात पुढे केला, तो कपाच्या बाजूने गेला. जावयाने कप त्यांच्या हातात दिला. त्यांच्याकडे बघणं मात्र त्याला जमलं नाही.

तेव्हा नागरिकहो, जो फुकट देतो, त्याला त्याची चूक वेळेवर सांगणं एवढीच त्याची किंमत असते. गप्प बसणाऱ्याला आपण सभ्य म्हणतो. त्याची सभ्यता तिसऱ्याच कोणाच्या तरी डोळ्यांवर येते.

सबब, कालगणनेशी संबंधित खात्यास नम्र विनंती की, गेल्या महिन्याची एकतीस तारीख शेजारच्या काकूंना सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वी परत देण्यात यावी. कळावे.